वाशीम जिल्ह्यात गॉथिक व्हावं कसं : नवशिक्यांसाठी

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या सहाही तालुक्यांतल्या होतकरूंसाठी ही पुस्तिका आहे. वयाची अट नाही, शिक्षणाची नाही. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं यांपैकी काहीही लागत नाही. ही योजना सरकारी नाही हे चाणाक्षांनी एवढ्यावरूनच ओळखलं असेल. १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाल्यापासून या जिल्ह्यात गांडूळखतापासून शेळीपालनापर्यंत सगळ्याची शिबिरं झाली. गॉथिक रॉकचं तेवढं राहून गेलं.

साहित्य मोजकंच आहे. एक मोबाइल. एक इअरफोन, दोन्ही कानांत वाजणारा. डावा बंद पडलेला चालवून घेऊ नये, कारण निम्मी भुतं डावीकडून येतात. एक मोकळी रात्र. आणि ‘बक-टिक’ या जपानी बँडचा ‘जूसानकाई वा गेक्को’ हा २००५ च्या एप्रिलमध्ये आलेला अल्बम. या नावात तेरावा मजला आहे आणि चांदणं आहे. तेरा मजली इमारत जिल्ह्यात शोधत फिरू नका, घराची गच्ची चालते. मात्र खाली उतरताना ‘आज तेराव्याची तयारी आहे’ असं मोघम बोलू नये. आजी पहिल्यांदा ‘कोनाचं रे?’ विचारील आणि मग नातेवाइकांना फोन लावील.

कपड्यांविषयी

सगळे नवशिके इथूनच सुरुवात करतात. खरं तर ही शेवटची पायरी आहे, पण कोणी ऐकत नाही, तेव्हा उरकून टाकू.

गॉथिक म्हणजे काळं, असा सर्वदूर समज आहे. आपल्या पंचांगात काळं घालायला हक्काचा एकच दिवस, तो संक्रांतीचा. बाकी वर्षभर काळं घातलं की कारण द्यावं लागतं. त्यात मे महिन्यात पारा बेचाळिसावर टेकलेला असताना लांब काळा कोट घालून पाटणी चौकातून चालत जाणं हे धैर्याचं काम आहे, आणि त्या धैर्याची कोणी दखल घेत नाही. लोक एवढंच विचारतात, ‘वकील कधी झाला बे?’ स्टेशनच्या बाजूनं गेलात तर दोन-चार प्रवासी आपणहून तिकीट काढून दाखवतात. कोटाखाली बनियन भिजून अंगाला चिकटलेलं असतं आणि चेहऱ्यावर मात्र शाश्वत विषाद ठेवायचा असतो. हे जमायला सराव लागतो. घरच्यांची प्रतिक्रिया वेगळी. ‘काऊन रे पोट्ट्या, कोनाच्या मयतीले चालला?’ असं बाबा विचारतील, आणि त्यावर ‘स्वतःच्या’ हे उत्तर कितीही सुचलं तरी देऊ नये. मार बसतो.

काजळ घरातच असतं, ते बाहेरून मागवू नये. मुलांनी काजळ घातलं तर सुरुवातीला चर्चा होईल. उपाय सोपा आहे : गालावरही एक ठिपका लावावा. मग ती दृष्टीची तीट ठरते आणि आईचा विरोध मावळतो.

केसांचं काय करायचं ते बँडकडूनच शिकावं. ऐंशीच्या दशकात बँडमधल्या पाचही जणांचे केस सरळ आकाशाकडे उभे असत. पुढं बहुतेकांचे हळूहळू खाली आले आणि संगीत त्याच प्रमाणात खोल गेलं. आपणही दुसऱ्या टप्प्यापासूनच सुरुवात केलेली बरी, कटिंगच्या दुकानातला वेळ वाचतो.

बँडची ओळख

ही मंडळी तोक्योची नाहीत, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. गुन्मा प्रांतातलं फुजिओका हे त्यांचं गाव. रेशीमपालनाचा जुना मुलूख; तिथली ताकायामा-शा ही रेशीमपालन शिकवणारी शाळा २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. कृषी खात्याच्या भाषेत, तुतीचा पट्टा. तुतीच्या पट्ट्यातून गॉथिक बँड निघू शकतो, तर सोयाबीनच्या पट्ट्यातून निदान श्रोता निघायला हरकत नसावी.

१९८३ साली हिसाशी इमाईच्या डोक्यात बँड काढायचं आलं. तेव्हा त्याला गिटार वाजवता येत नव्हती. नवशिक्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. त्यानं शाळेतले मित्र गोळा केले. आत्सुशी साकुराई ड्रमवर बसला. हिदेहिको होशिनो आला, युताका हिगुचीनं बेस घेतला. पुढं पहिला गायक गेला आणि साकुराई म्हणाला, मी गातो. मग ड्रम रिकामे झाले, तर युताकाचा थोरला भाऊ टोल यागामी येऊन बसला. हे झालं १९८५ मध्ये. त्यानंतर २०२३ पर्यंत या पाचांत एकही बदल झाला नाही. अडतीस वर्षं. आपल्याकडे गणेश मंडळाचा खजिनदार सलग दोन वर्षं टिकत नाही, आणि बँजो पार्टीतला कॅसिओवाला तर एका लग्नसराईत दोन पार्ट्या बदलतो. जगात काळोखावर गाणारे बँड पुष्कळ झाले, पण काळोखात इतकी वर्षं एकमेकांना धरून बसलेले फार नाहीत. माझ्या मते बक-टिकची थोरवी आधी इथं आहे, गाण्यांत नंतर.

नाव फटाक्यावरून घेतलेलं आहे, आणि सुरुवातीची गाणीही तशीच होती, चटकन पेटणारी. १९८९ मध्ये इमाईला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली, दौरा बंद पडला, आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला ते तोक्यो डोममध्ये परत उभे राहिले. ती तारीख पुढं त्यांच्या वर्षाची ठरलेली तारीख होऊन बसली. १९९० चा ‘आकु नो हाना’ जपानच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याचं नाव बोदलेअरच्या कवितासंग्रहावरून. त्याच सुमारास साकुराईची आई गेली. १९९१ च्या ‘कुरुत्ता ताइयो’पासून आवाजात जो तळ आला तो तिथून, असं ऐकणाऱ्याला जाणवत राहतं. ‘ज्युपिटर’ हे त्यातलं गाणं आईचं आहे. मोठ्यानं रडणं त्यात कुठंच नाही.

इमाईकडे एक गिटार आहे, गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी. सोयाबीनवाल्यांनी घाबरू नये. ही पिकावर पडत नाही. तो थेरेमिन नावाचं वाद्यही वाजवतो, ज्याला हात लावायचा नसतो. दोन अँटेनांजवळ हवेत हात हलवला की आवाज निघतो. हे बाबांना दाखवताना नीट समजावून सांगा, नाहीतर गावात ‘त्यांच्या पोराले काही तरी लागलं’ असं पसरतं.

जगाचा गॉथिक रॉक याआधीच सुरू झाला होता. इंग्लंडातल्या नॉर्दम्प्टनच्या बाउहाउस या बँडनं १९७९ मध्ये ड्रॅक्युलाची भूमिका करणाऱ्या नटाच्या नावानं नऊ मिनिटांहून लांब गाणं काढलं, तिथून साधारण हिशेब धरतात. जपानमध्ये मालिस मिझेर या बँडनं २००० साली ‘बारा नो सेइदो’मध्ये तर अख्खं चर्चच उभं केलं. ते सुंदर आहे, पण सुरुवातीला नको. एवढं जड पहिल्याच दिवशी पचत नाही.

प्रत्यक्ष कृती

जेवण साडेआठपर्यंत उरकावं. भरल्या पोटी काळोख नीट लागत नाही आणि रिकाम्या पोटी नुसती चिडचिड होते. दोन भाकरी आणि पिठलं हे योग्य प्रमाण आहे. गच्चीवर सतरंजी टाका. पौर्णिमा असेल तर उत्तम, नसेल तर लाइट जाण्याची वाट पाहा. ती फार पाहावी लागत नाही.

अल्बम पहिल्यापासून, क्रमानं, मध्ये न उठता ऐकायचा. हे कटाक्षानं सांगतो, कारण मोबाइलमुळे आपल्याला एक गाणं इकडचं, एक तिकडचं अशी सवय लागली आहे. हा गाण्यांचा गठ्ठा नाही, खेळ आहे. ‘एंटर क्लाउन’ या छोट्या तुकड्यानं पडदा वर जातो, विदूषक आत येतो. मग ‘कोरिन’, म्हणजे वरून कोणीतरी उतरतं. मग विदूषकाचं स्वतःचं गाणं. ‘कॅबरे’ आहे, परक्या माणसाची रात्र आहे, मधे एक अंगाई आहे, आणि शेवटाकडे ‘हूज क्लाउन?’ असा प्रश्न आहे. आपल्याकडे तमाशात सोंगाड्या मावशीला खिजवून लोकांना हसवतो आणि त्याच तोंडानं एखादं वाक्य असं टाकतो की पुढच्या रांगेतला पाटील खाली बघतो. या अल्बममधला विदूषक त्या जातीचा आहे. तो घाबरवायला आलेला नाही. तो प्रवेश करतो, वाकून नमस्कार करतो, आणि आपण हसायचं की नाही हे ठरत नाही तोवर पुढचं गाणं लागतं.

नवशिक्यांनी कान द्यावा तो ‘रोमान्स’ला. हे आधी मार्च २००५ मध्ये सुटं निघालं होतं, अल्बममध्ये त्याचं थोडं वेगळं रूप आहे. विषय जुनाच : रात्री प्रेयसीकडे येणारा, रक्तावर जगणारा प्रियकर. हा विषय घेऊन जगात इतका भिकार माल तयार झालेला आहे की नाव ऐकूनच माणूस उठून जाईल. साकुराई मात्र तो ओरडून गात नाही. आवाज खाली ठेवतो, शब्दाच्या शेवटी श्वास सोडतो, आणि भक्ष्याला इजा होऊ नये याची काळजी भक्षकालाच आहे असं वाटायला लागतं. इथं इअरफोनमध्ये तो श्वास ऐकू आला नाही, तर तुमचा इअरफोन बदला. ‘मुमा’ हे दुःस्वप्नाचं गाणं संथ आणि जड आहे. ते चालू असताना खाली कोणी कुकर लावू नये, अशी विनंती आधीच करून ठेवावी. शिट्टीचा आणि टोलच्या ड्रमचा ताल जुळत नाही.

साकुराईनं बहुतेक शब्द लिहिलेले, इमाई-होशिनोंनी चाली. त्यामुळे गाण्यागाण्यांतून एकच डोकं बोलत राहतं. विशेष म्हणजे हे सगळं गमतीत केलेलं आहे. चाळिशीच्या आसपासची पाच माणसं, वीस वर्षं एकत्र वाजवून झाल्यावर, ‘चला, आता एकदा रीतसर भुताचं नाटक बसवू’ म्हणून बसली. दुःखाच्या भरात केलेला अल्बम वेगळा आणि दुःखाचा पोशाख शिवून घेऊन, तो अंगाला बरोबर बसतो का हे आरशात बघून केलेला वेगळा. हा दुसऱ्या प्रकारचा आहे आणि म्हणूनच नवशिक्यांना झेपतो.

शब्द कळत नाहीत, ही तक्रार

ही तक्रार कोणी केलेली मी ऐकून घेत नाही, निदान विदर्भातल्या माणसाची तरी नाही. नागपूरला ग्रेस नावाचा कवी होऊन गेला. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ साली आल्या, आणि तेव्हापासून २०१२ मध्ये ते गेले तोवर लोक ‘दुर्बोध, दुर्बोध’ म्हणत राहिले आणि पाठ करत राहिले. संध्याकाळ, भय, आई, घोडे, चर्च, पाऊस. गॉथिक म्हणून जे काही सामान लागतं ते सगळं या माणसानं नागपुरात बसून एकट्यानं जमवलं होतं, आणि काळा कोट न घालता. त्यांच्या एका कवितेला हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावली, लताबाईंनी गायली, आणि ती दूरदर्शनवरच्या ‘महाश्वेता’ मालिकेचं शीर्षकगीत झाली. घराघरांत वाजली. भाजी निवडता निवडता बायकांनी गुणगुणली. ‘याचा अर्थ काय हो?’ असं कोणी टीव्हीला विचारलं नाही.

तर न कळता आवडण्याचं प्रशिक्षण तुम्हाला आधीच मिळालेलं आहे, प्रमाणपत्र तेवढं मिळालेलं नाही. जपानी येत नसेल तर शब्दांचा अडथळाच होत नाही, सरळ आवाजाशी गाठ पडते. मोबाइलमधल्या यंत्राकडून भाषांतर करून घेऊ नका. चंद्राचा महिना होतो, दैत्याचा जावई होतो आणि रात्रभर हसण्यात जाते.

शैक्षणिक सहल

गॉथिक माणसाला पडझड लागते. यासाठी नवशिके स्मशानात जातात. जाऊ नये. रात्री स्मशानात काळ्या कपड्यांत, काजळ घालून, मेणबत्ती लावून बसलेला इसम सापडला तर गावकरी संगीताविषयी चौकशी करत नाहीत. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पिशवीतलं लिंबू सरबतासाठी आणलं होतं, हे ठाणेदाराला पटवून देणं जड जातं.

त्याऐवजी दिवसाढवळ्या कारंज्याला जा. या जिल्ह्यात पडझडीचा दर्जा कारंज्याइतका कुठं नाही. जुन्या गावकुसाच्या वेशी अजून आहेत : दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. कुठल्या काळी व्यापाऱ्यांचे तांडे यांतून येत. इथल्या कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट तर अशी सांगतात की कस्तुरी लादलेले उंट गावात आले, एवढा माल घेणार कोण म्हणून व्यापारी हिणवू लागला, तेव्हा इथल्या सावकारानं सगळीच्या सगळी कस्तुरी विकत घेतली आणि घराच्या बांधकामात चुन्यात कालवून टाकली. भिंतींना वास येणारं घर. ट्रान्सिल्व्हानियावाल्यांना हे सुचलेलं नाही.

तिथूनच शकुंतला ही रेल्वेगाडी जायची, मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ. अरुंद रूळ, कापसासाठी टाकलेले, मालकी खासगी विलायती कंपनीची, आणि ती स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं तशीच. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. आता गाडी बंद आहे आणि रुळांत गवत वाढलेलं आहे. इअरफोन घालून तिथं बसायला हरकत नाही. गाडी येणार नाही, साप येऊ शकतो. सहलीसाठी आणखी एक ठिकाण सुचवतो, खुद्द वाशीम. हेच वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची काही देखणी लेणी या घराण्यातल्या हरिषेणाच्या काळची, सोळावं त्याच्या मंत्र्यानं, वराहदेवानं कोरवून घेतलेलं. राजधानी होती आणि आता तिथं बसस्टँड आहे, एवढ्या माहितीवर चांगल्या घरचा गॉथिक मुलगा महिनाभर उदास राहू शकतो.

१९ ऑक्टोबर २०२३

पुस्तिकेतला हा भाग थट्टेचा नाही. त्या संध्याकाळी योकोहामात चाहत्यांसाठीचा कार्यक्रम चालू असताना साकुराईला मंचावरच बरं वाटेनासं झालं. दवाखान्यात नेलं, त्याच रात्री तो गेला. मेंदूच्या देठात रक्तस्राव. वय ५७. मरणाविषयी वर्षानुवर्षं इतक्या सुरेख वेशभूषेत गाणाऱ्या माणसाच्या वाट्याला मरण आलं ते साधं, बिनापोशाखाचं, कार्यक्रम अर्धा टाकून.

राहिलेल्या चौघांनी त्याच २९ डिसेंबरला, नेहमीच्या तारखेला, बुदोकानमध्ये कार्यक्रम केला. साकुराईचा ध्वनिमुद्रित आवाज होता, हे चौघं वाजवत होते. दुसरा गायक आणला नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ‘सुब्रोसा’ काढला, त्यात इमाई आणि होशिनो स्वतःच गायले. इमाईचा आवाज साकुराईसारखा नाही, आणि त्यानं तसा काढायचा प्रयत्नही केलेला नाही. ‘जूसानकाई’ पूर्ण झाल्यावर लगेच हा ऐकू नका. मध्ये दोन-तीन महिने जाऊ द्या, एखादं पीक निघू द्या. तोवर ‘कुरुत्ता ताइयो’ ऐका.

नेहमीच्या शंका

गॉथिक झाल्यावर उपास, वारी, शेगावची पायी दिंडी चालते का? चालते. पांढरे कपडे घालावे लागतील, तेवढे दिवस सुट्टी समजावी.

मुलगी बघायला जाताना सांगावं का? आवड विचारली तर ‘जपानी संगीत’ एवढंच सांगावं. समोरचे लोक ‘पोरगा जपानी शिकतो, बाहेर जाईल’ असा अर्थ काढतात आणि चहाबरोबर आणखी एक लाडू येतो. मुलीलाच काजळाचा रंग ओळखू आला आणि तिनं उलट ‘कोणता अल्बम?’ असं विचारलं, तर बाकीची बोलणी मोठ्यांवर सोपवावी.

यातलं काही वरातीत वाजवता येईल का? ‘रोमान्स’ नको, नवरदेवाच्या मामाला शब्द कळले नाहीत तरी चाल कळते. ‘कॅबरे’ लावून बघा. डीजेवाल्याला गाणं आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर द्या, ऐनवेळी जपानी नाव शोधायला सांगितलं की तो ‘झिंगाट’ लावतो. आणि जनरेटरचं भाडं आधीच चुकतं करून ठेवा.